जाड तारेचा फ्यूज

मे महिन्यातली रात्र. जालन्यात दिवसभर पारा बेचाळीसच्या वर राहिलेला, भिंती अजून तापलेल्या. गल्लीतल्या घराघरांत कूलर चालू. त्यात बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलेले, म्हणून मोटारीही सुरू. अशा वेळी एका घरातले दिवे जातात. शेजारी उजेड, आपल्याच घरात अंधार. ‘मेन फ्यूज गेला वाटतं,’ असे कोणीतरी म्हणते आणि ओळखीच्या वायरमनला फोन जातो. तो दहा मिनिटांत गाडीवरून येतो, घरातले कोणीतरी मोबाइलची बॅटरी धरते. मीटरजवळचा चिनी मातीचा फ्यूज तो ओढून काढतो, खिशातल्या वायरच्या तुकड्यातून पाच-सहा तारा वेगळ्या करून पिळतो, बांधतो आणि फ्यूज परत दाबून बसवतो. कूलर पुन्हा घरघरू लागतो. वायरमनला पैसे आणि वर चहा. ‘आता जाड तार टाकलीय, पुन्हा नाही जायचा,’ असे सांगून तो निघतो.

त्याचे म्हणणे खरे ठरते. फ्यूज पुन्हा जात नाही. भीती नेमकी तिथेच आहे.

फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर घरातली वायर जळण्याआधी ही बारीक तार वितळावी आणि वाट बंद व्हावी, एवढेच तिचे काम. थॉमस एडिसनने दिव्यांच्या वायरिंगसाठी अशा सुरक्षा तारेचे पेटंट १८८० मध्ये घेतले. पुढे त्याच दशकात ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी कोणत्या जाडीची तार किती प्रवाहाला वितळते, याचा नियम मांडला. त्यांच्या सूत्रानुसार तारेचा व्यास दुप्पट केला, की ती वितळवायला लागणारा प्रवाह दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे ‘थोडीशी जाड’ तार ही थोडीशी जाड नसते.

फ्यूजसाठी कलई केलेल्या तांब्याची तार वापरतात. ५ अँपिअरच्या फ्यूजला ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरला ०.५ मिलिमीटर आणि ३० अँपिअरला ०.८५ मिलिमीटर व्यासाची तार, हे प्रमाण अनेक वर्षे वापरात आहे. यात एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १५ अँपिअरची तार १५ अँपिअरला वितळत नसते. तेवढा प्रवाह ती कायम वाहून नेऊ शकते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ती वितळते साधारण दुपटीला, म्हणजे २८ अँपिअरच्या आसपास. अगदी योग्य जाडीची तार असली, तरी हा फ्यूज तसा सुस्तच. एमसीबी त्या मानाने चलाख असते. मर्यादेच्या दीडपटीच्या जवळ प्रवाह गेला, की ती तासाभरात पडते आणि शॉर्टसर्किट झाले तर सेकंदाच्या शंभराव्या भागात.

आता वायरमनच्या खिशातला तो तुकडा पाहू. बाजारात मिळणाऱ्या एक चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरमध्ये ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा असतात. प्रीसच्या सूत्राने यातली एक तार साधारण १३ अँपिअरला वितळते, दोन तारा २६ च्या आसपास. पाच पिळल्या तर आकडा साठच्या घरात जातो. आणि काही घरांत दिसते तशी अख्खी वायरच सोलून बांधली, तर शंभर अँपिअरच्या पुढेमागे. भिंतीच्या आतल्या पाइपातून गेलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर मात्र सुरक्षितपणे वाहून नेते जेमतेम तेरा ते पंधरा अँपिअर. प्रवाह चौपट झाला, की वायरमधली उष्णता चौपट नव्हे, सोळापट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साध्या वायरीवरचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश तापमानापर्यंतच टिकेल असे बनवलेले असते. साठ अँपिअर वाहत असताना फ्यूजची तार शाबूत राहते आणि भिंतीतली वायर वितळू लागते. घराचा फ्यूज आता मीटरजवळ राहिलेला नसतो, तो भिंतीत, माळ्यावर, पलंगामागच्या बोर्डात गेलेला असतो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. झोपलेल्या माणसाला आगीची झळ लागण्याआधी हा धूर गाठतो.

जाणता वायरमन फ्यूज काढल्यावर लगेच तार बांधत नाही. तो आधी फ्यूज उजेडात धरून पाहतो. तार मधोमध वितळून दोन्ही टोकांना बारीक गोळे झाले असतील आणि चिनी माती स्वच्छ असेल, तर भार जास्त झाला होता. तार हळूहळू तापली आणि तुटली. तारेचा मागमूस नाही, आत काळी काजळी आणि तांब्याचे शिंतोडे आहेत, तर शॉर्टसर्किट झाले आहे. तांबे १,०८५ अंशांना वितळते. शॉर्टसर्किटमध्ये ते वितळायलाही थांबत नाही, वाफ होऊन उडते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तार तुटलेली असते ती मधे नव्हे, स्क्रूजवळ, आणि खालची बैठक तपकिरी पडलेली, करपल्याचा वास येणारी. इथे ना भार जास्त होता, ना शॉर्टसर्किट. पकड सैल झाली होती. सैल जोडाचा रोध एका ओहमचा दहावा भाग जरी धरला, तरी २० अँपिअर वाहताना त्या एका ठिपक्यावर ४० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या साध्या सोल्डरिंगच्या कावियात एवढीच उष्णता असते. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची असते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तांब्या-पितळेशी झालेला जोड वर्षागणिक खराब होत जातो. अशा घरात फ्यूज वारंवार जातो, दर वेळी तार थोडी आणखी जाड होते आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. स्क्रू आवळणे आणि जळकी बैठक बदलणे, एवढाच उपाय असताना.

फ्यूजची तब्येत पाहून झाली, की प्रश्न विचारायचे. काय चालू होते? दीड टनाचा एसी साधारण आठ अँपिअर घेतो, इस्त्री चार-साडेचार, एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार पाच-सहा. मोटार सुरू होतानाच्या क्षणी मात्र हाच आकडा पाच-सहा पट होतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरलेले असेल, तर मोटार तेवढेच पाणी चढवण्यासाठी आणखी प्रवाह ओढते. जुन्या घरात दोन ट्यूब, दोन पंखे आणि एक टीव्ही एवढ्यासाठी १५ अँपिअरचा मेन फ्यूज बसवलेला असतो. पुढे एसी आला, मोटार आली, वॉशिंग मशीन आले. फ्यूज आणि त्यामागची वायर तीच राहिली. अशा वेळी तार जाड करून भागत नाही. मंजूर भार वाढवून घ्यायचा, मेन वायर बदलायची, एसी आणि मोटारीला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यायची. खर्च आहे खरा.

शॉर्टसर्किटचा संशय असेल, तर मुरलेले वायरमन एक जुनी युक्ती वापरतात. सगळी बटणे बंद करून फ्यूजच्या जागी शंभर वॅटचा पिवळा दिवा जोडतात. याला सिरीज दिवा म्हणतात. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो, नसेल तर पेटत नाही. शॉर्ट कितीही कडक असला, तरी दिव्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच प्रवाह जातो, त्यामुळे स्फोट नाही, धूर नाही. मग एकेक खोलीची वायर सोडवत दिवा कधी विझतो ते पाहायचे. पिवळे दिवे दुकानांतून नाहीसे होत चालले, तरी कामाच्या पिशवीत एक जपून ठेवणारे लोक अजून आहेत. एलईडीने हे काम होत नाही. अर्थात ही युक्ती मीटरच्या पुढच्या, म्हणजे घरातल्या वायरिंगसाठी. आणि ज्याला फेज कुठला, न्यूट्रल कुठला हे ठाऊक आहे त्याच्यासाठी. यूट्यूब पाहून करायची ही गोष्ट नव्हे.

टेस्टरचेही तसेच आहे. दिवे गेलेत, पण टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो, असे दिसले की अनेक जण चक्रावतात. तिथे फ्यूज गेलेला नसतो, न्यूट्रल तुटलेला असतो. घरातली सगळी वायर उपकरणांतून आलेल्या फेजने जिवंत झालेली असते. न्यूट्रल डीपीपाशीच तुटला, तर प्रकरण आणखी गंभीर. तीन फेजमधला तोल जातो, कोणाच्या घरात व्होल्टेज शंभराच्या खाली आणि कोणाच्या घरात चारशेकडे. गल्लीतले टीव्ही आणि फ्रिज एकाच संध्याकाळी जळतात, ते यामुळे. म्हणून न्यूट्रलच्या वायरीत कधीही फ्यूज ठेवायचा नसतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून हे सांगितलेले आहे. जुन्या वाड्यांच्या पाट्यांवर मात्र फेजला एक आणि न्यूट्रलला एक, असे फ्यूजचे जोड आजही भेटतात.

आता त्या माणसाकडे वळू, ज्याचा हात त्या पाटीवर आहे. घरात एमसीबी आहेत, कदाचित गळती ओळखणारी आरसीसीबीही आहे. पण या सगळ्या मीटरनंतर येतात. मीटरच्या आधीच्या कट-आउटला हात लावणाऱ्याला त्यातले काहीच वाचवत नाही. त्याच्या मागे थेट खांब, आणि खांबामागे डीपी. शंभर केव्हीएच्या डीपीच्या टोकांवर शॉर्टसर्किट झाले, तर क्षणभर तीन हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. घर डीपीच्या जितके जवळ, तितका हा आकडा मोठा. घरात मोटार आणि एसी चालू असताना फ्यूज ओढला किंवा दाबला, तर जोडापाशी ठिणगीची ज्वाळ उठते. आत शॉर्ट तसाच असताना फ्यूज दाबला, तर वितळलेले तांबे थेट तोंडाकडे येते. बोटे आणि मनगट भाजते, भुवया जळतात. त्या झगमगाटातल्या अतिनील किरणांनी डोळ्यांचा वरचा पडदा भाजतो. वेल्डरला होतो तसा. त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते.

म्हणूनच मीटरच्या आधीचा कट-आउट ही वीज कंपनीची मालमत्ता आहे आणि तिथले काम तिच्या लाइनमनचे. जालन्यात हे काम महावितरणचे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांमध्ये ‘फ्यूज कॉल’ हा वेगळा प्रकारच आहे. शहरात किती तासांत आणि खेड्यात किती तासांत तो सुटला पाहिजे, हे ठरलेले आहे, आणि उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. व्यवहारात रात्री अकरा वाजता तान्हे बाळ घामाने रडत असते, आणि कोपऱ्यावरचा मुलगा दहा मिनिटांत येतो. खेड्यात तर डीपीवरचा फ्यूजही गावातलाच कोणीतरी टाकतो. असे काम करणाऱ्यांना ‘झिरो वायरमन’ म्हणतात. त्यांच्याकडे ना परवाना असतो, ना हातमोजे, ना विमा. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे अभ्यासक्रम आहेत, आणि वायरमनचा परवाना शासनाच्या मंडळाकडून मिळतो. पण घरी आलेल्या माणसाला ‘परवाना आहे का’ असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. मोसंबीच्या बागेला किंवा गव्हाला रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायचे असते, डीपीवरचा एक फेज गेलेला असतो. अशा वेळी लाकडी काठीने फ्यूज बसवणारे शेतकरी मराठवाड्यात नवे नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये भोकरदन तालुक्यात शेतात पाणी द्यायला गेलेले तीन भाऊ विजेच्या धक्क्याने एकाच वेळी गेले. देशभरात अशा मृत्यूंचा आकडा वर्षाला बारा हजारांच्या पुढे आहे.

आणखी एक धोका गेल्या काही वर्षांत वाढला आहे. घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन बंद केल्यावरही काही वायरी जिवंत राहतात. मेन पाडला, आता सगळे सुरक्षित, असे समजून हात घालणारा फसतो. काम सुरू करण्याआधी इन्व्हर्टर बंद करायला सांगणे आणि मग प्रत्येक वायर टेस्टरने पाहणे, हे चांगल्या वायरमनच्या सवयीत बसलेले असते.

मग हा फ्यूज माणसाला वाचवतो की नाही? सरळ उत्तर आहे, नाही. तो त्यासाठी नाहीच. घाम आलेल्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. साठ वॅटचा दिवा ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे फ्यूजच्या लेखी विजेला चिकटलेला माणूस आणि घरातला एक जास्तीचा दिवा यांत फरक नाही. फ्यूज वितळायला अठ्ठावीस अँपिअर हवेत. हृदयाची लय बिघडायला अँपिअरचा दहावा-विसावा भाग पुरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले, की सरासरी पुरुषाची पकड १६ मिलिअँपिअरच्या पुढे सुटत नाही आणि स्त्रीची साडेदहाच्या पुढे. हाताचे स्नायू आकसतात आणि माणूस वायर आणखी घट्ट धरतो. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात. धरलेले असते ते त्याच्याच स्नायूंनी.

मग अर्थिंग कशासाठी, असे कोणी विचारेल. पत्र्याच्या कूलरला आत फेज चिकटला, तर प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, अशी ती योजना. पण १५ अँपिअरचा फ्यूज उडायला २८ अँपिअर लागतात, म्हणजे अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध आठ ओहमच्या आत हवा. जालन्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. रोध वीस ओहम झाला, तर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. फ्यूजला काहीच कळत नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहतो. खाली पाणी सांडलेले, घरातले मूल अनवाणी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या लोकांची सवय अडाणी नव्हती.

ही फट भरून काढते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच ती मोजत बसते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती वीज तोडते. माणसातून जाणाऱ्या झटक्याएवढा फरक असेल तर सेकंदाच्या काही शतांश भागात. डाल्झिएल यांनीच अमेरिकेत अशा उपकरणाचा घरगुती नमुना १९६१ मध्ये तयार केला. किंमत साध्या मिक्सरच्या आसपास. तरी ती बसवलेली घरे कमी, आणि बसवल्यावर ‘सारखी पडते’ म्हणून बायपास केलेली घरेही आहेत. ती सारखी पडते, कारण कुठेतरी गळती असते. ओल आलेली भिंत, गिझरची कॉइल, कूलरचा पंप यांपैकी काहीतरी. तिच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. दाबल्यावर ती पडली नाही, तर ती केवळ शोभेची आहे. आणि ती भाराकडे पाहत नाही, त्यामुळे एमसीबी सोबत लागतेच.

एवढे करूनही कोणी चिकटलाच, तर आधी मेन बंद. तो जवळ नसेल, तर कोरडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून त्याला वेगळे करायचे, हाताने नाही. वाचवायला धावलेला दुसरा जीव जातो, तो इथेच. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल, तर १०८ ला फोन आणि छातीच्या मधोमध दाब देणे लगेच सुरू करायचे. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, रुग्णवाहिका येईपर्यंत. हातपाय चोळण्यात आणि पाणी पाजण्यात मिनिटे घालवू नयेत. माणूस शुद्धीवर असेल, ‘काही झालं नाही’ म्हणत असेल, तरी जोरदार झटका बसला असेल, तो क्षणभर शुद्ध हरपून पडला असेल किंवा वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेली असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. तळहातावर रुपयाएवढा भाजल्याचा डाग असतो आणि आत मनगटापासून कोपरापर्यंतचा स्नायू शिजलेला असू शकतो. मेलेल्या स्नायूतले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठायचे.

फ्यूजसाठीची कलईची तार विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात रिळावर मिळते. रिळाच्या कागदावर अँपिअर लिहिलेले असतात. पाचची, दहाची, पंधराची मागितली, की दुकानदार कापून देतो. मागायला मात्र फारसे कोणी येत नाही.